करवंट्यांचं बारसं

यमुना गेली त्या दिवशी कोल्हारला बाजार होता. शाळेला सुट्टी दिली. अंगणातल्या करवंट्यांना शेजारच्या सोजराबाईंनी पाणी घातलं; मला ते सुचलं नाही.

त्या करवंट्यांची हकिकत यमुना फार रंगवून सांगायची. तिच्या सांगण्यात मी असा काही धावायचो की ऐकणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. माझ्या सांगण्यात मी जरा हळू धावेन.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, रॉकेलचे रिकामे डबे मात्र घरोघर! पाचगणीला कारकुनी करणाऱ्या माझ्या मेहुण्याने बहिणीसाठी, म्हणजे यमुनेसाठी, स्ट्रॉबेरीचं एक रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. ते अशाच एका डब्यात लागलं. दुसरं विकत आणणं मास्तरच्या पगारात बसत नव्हतं. वाढवायची ती याचीच पिलं. पावसाळ्यात त्याला दोऱ्यासारख्या फांद्या फुटल्या, प्रत्येकीच्या टोकाला चिमुकली पानं. शाळेच्या कपाटातलं बागकामाचं पुस्तक आणून मी वाचून दाखवलं, "टोक मातीत टेकवावे. मूळ धरताच दोरा कापावा."

कुंड्या कुठून आणायच्या? यमुनेने करवंट्यांत प्रवरेचा गाळ भरला, एकेक पिलू त्यात टेकवलं आणि मांजरांनी हलवू नये म्हणून साऱ्या करवंट्या सुतळीने डब्याला बांधून टाकल्या.

पिलांनी मूळ धरलं. मी कात्री घेऊन आलो.

"अहो, नाळ आहे ती! अजून आईच्या अंगावर पितायत."

"पण पुस्तकात..."

"पुस्तक लिहिणारा बाळंत झाला होता का?"

(यावर पुस्तकात काही नव्हतं.)

आमच्या घरी पाळणा कधी बांधला गेला नव्हता. मी कात्री कोनाड्यात ठेवली.

मग पाचवी झाली. सटवाई नशीब लिहायला येते, म्हणून करवंट्यांपाशी माझाच टाक आणि माझीच दौत! डब्याला ऊन लागू नये म्हणून जुन्या लुगड्याचा आडोसा. नाळ कापायची ती बारशालाच, असं ठरलं.

"मास्तर, बाळंतीन लई हिरवी दिसती!" सोजराबाई कुंपणावरून म्हणाल्या. "घुगऱ्या कवा?"

घुगऱ्या खरंच शिजल्या. बायका जमल्या. सोजराबाईंच्या मागोमाग त्यांची शेळीही आली. तिने घुगऱ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट बाळंतिणीलाच तोंड घातलं! यमुना किंचाळली, शेळी दचकली आणि शिंगात सुतळी अडकवून पळत सुटली. मागे डबा धडामधूम, डब्यामागे करवंट्यांची वरात, त्यामागे यमुना, आणि सर्वांत शेवटी, वर्गात कधी आवाज न चढवलेला मी, कात्री उगारून!

"मास्तर, गाभन हाय वो ती! मारू नगा!" सोजराबाईंनी टाहो फोडला.

"शेळी नाही हो, नाळ कापायचीय!" मी भर पेठेत ओरडलो. दुकानांतली माणसं बाहेर आली.

देवळापाशी शेळी थांबली. आई निम्मीशिम्मी तिच्या पोटात गेली होती. तीन पिलं मात्र मुळांसकट शाबूत. यमुना तिथेच मातीत बसली, करवंट्या पदरात घेतल्या आणि हळूच म्हणाली, "कापा आता."

मी आधी तिचा पदरच कापला, मग नाळ.

थंडीत एक फळ आलं, बोराएवढं. तिने ते दाताने तोडून अर्धं मला दिलं. दोघांचेही डोळे मिटले, इतकं आंबट!

"तुमच्यावर गेलंय," ती म्हणाली.

आता अंगणात करवंट्याच आहेत. यंदा एकीला नवी नाळ फुटली, शेजारच्या करवंटीत तिने मूळही धरलं. पुस्तक आहे, कात्री आहे. सोजराबाई रोज विचारतात, "मास्तर, कापली का?"

पिलू अजून पितंय, असं मी त्यांना सांगतो.