गिचका भात

मी मूळची खानदेशातली. आमच्याकडे भात व्हायचा तो सणाला, नाहीतर घरात कुणी आजारी पडलं तर. रोजचं जेवण म्हणजे भाकरी, आणि भाकरीत माझा हात कुणी धरू शकत नाही हे मी आजही छाती ठोकून सांगते. पण लग्न होऊन सुरतेला आले ती नेमकी रत्नागिरीकडच्या घरात. तिथे सकाळी भात, रात्री भात, आणि बरं नसलं की मऊ भात. पोळ्या कितीही चांगल्या होवोत, सासूबाईंच्या लेखी शितावरून भाताची परीक्षा आणि भातावरून सुनेची. त्या परीक्षेत मी पहिल्याच दिवशी नापास झाले आणि पुढे कायम नापासच राहिले. शाळेत पोरांचे पेपर मी तपासायचे, घरी आल्यावर माझा निकाल लागायचा.

माझा भात गिचका होतो. पाणी हात राखून घातलं तर कणी राहते, सढळ घातलं तर गोळा होतो, आणि या दोहोंच्या मधलं जे काही माप असतं ते मला आजतागायत सापडलेलं नाही. सासूबाई पानातला भात बोटांनी मोकळा करून बघायच्या आणि म्हणायच्या, "अगो, खळ कापडाला लावतात. ती पानात कशाला वाढलीस?"

सुरतेत राहून खळ न कळायला मी काही दुधखुळी नव्हते. राग यायचा. मग मी म्हणायचे, "नवा तांदूळ आहे, आई." नवा तांदूळ चिकट होतो हे खरंच आहे, जुना झाला की मोकळा शिजतो. माझा नवरा लगेच री ओढायचा, "तांदूळच नवा आहे गं आई, ती तरी काय करणार?" आणि भाताचा डोंगर करून त्याच्यावर वरण ओतायचा. मोसम कोणताही असो, आमच्या घरातला तांदूळ नवाच असायचा.

तो बँकेच्या चलथाण शाखेत होता. खाण्यावर जीव. पाहुणे आले की 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही इथली म्हण ऐकवायचा, म्हणजे जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, आणि वर जोडायचा, "काशी आईसाठी राखून ठेवलीय, सुरत माझ्यासाठी." सासूबाईही हसायच्या. मागल्या वर्षी पावसाळा सरता सरता तो एका सकाळी बँकेत जायला निघाला आणि जिन्यातच बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या म्हणीतलं उलटंसुलटं झालं. आता आमच्या घरात ती म्हण कुणी काढत नाही.

त्यानंतर अडाजणच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहिलो, सासूबाई आणि मी. मुलगी बेंगळुरूला नोकरीला. आणि सासूबाई बदलल्या. रडल्या, कोसळल्या असं काही नाही. त्या माझ्याशी चांगलं वागायला लागल्या. भाजीत मीठ जास्त पडलं तरी "छान झालीय" म्हणायच्या. मी उठायला गेले की "राहू दे, मी घेते" म्हणायच्या. आपली कपबशी आपण विसळून ठेवायच्या. ज्या बाईनं आयुष्यभर माझ्या फोडणीत, पोरीच्या वेणीत आणि पडद्यांच्या रंगात नाक खुपसलं, ती आता आपल्याच घरात भाडेकरूसारखी पाय न वाजवता वावरत होती. तो चांगुलपणा मला सोसवेना. बोलणी खायची सवय झालेल्या माणसाला बोलणी मिळाली नाहीत तर घर ओस वाटतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

दुसरं म्हणजे त्यांनी भात सोडला. दहावा झाला त्या दिवशी संध्याकाळी पानात भात वाढायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला. म्हणाल्या, "साखर वाढते म्हणतात." त्यांची साखर माझ्यापेक्षा चांगली आहे. पण मी वाद घातला नाही. त्या एक पोळी खायच्या, ताक प्यायच्या आणि उठायच्या. माझ्या एकटीसाठी कोण भात लावणार? कुकरमधला भाताचा डबा मांडणीवर पालथा पडला तो पडलाच. सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

वर्षश्राद्ध झालं, थंडी पडली आणि ठाण्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, आईला आता इकडे घेऊन येतो. तुम्हाला तरी किती दिवस?" त्यांच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. मी सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जाते. मुलगा नाही तिथे सुनेवर भार कशाला?" मला म्हणायचं होतं, भार कसला, जाऊ नका. पण लग्नापासून आम्ही दोघींनी एकमेकींना मनातलं जे काही सांगितलं ते त्याच्यामार्फत. तो नव्हता, तर ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेरच पडेना. रविवारी दीर न्यायला येणार असं ठरलं. सासूबाईंनी पिशवी भरून दाराशी ठेवली.

आजी जाणार म्हणून मुलगी चार दिवस रजा काढून आली. आली ती फर्मान घेऊनच, "शनिवारी आरांचिनी करायची." इटलीकडचा पदार्थ म्हणे. भाताचे गोळे करायचे, पोटात सारण भरायचं, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळायचे. नावाचा अर्थ छोटी संत्री. सुरतेत तळलेलं आणि वर चीज असलेलं काहीही खपतं, तेव्हा नवल वाटलं नाही. मी फक्त म्हटलं, "भात?"

"हां मम्मी, भात. अने एकदम चिकट जोईए." बेंगळुरूला राहूनही तिची गुजराती सुटलेली नाही. "बघ, इथे लिहिलंय, शीत शिताला चिकटलं पाहिजे. मोकळा भात बिलकूल नाही चालणार."

मी मोबाइलवरचं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. गिचका भात करा, असं कुणी तरी मला शिकवत होतं! मी हसत सुटले. आयुष्यभर जे केल्याबद्दल बोलणी खाल्ली, ते जमावं म्हणून इटलीतल्या बायका म्हणे डावाडावानं गरम पाणी घालत आणि ढवळत उभ्या राहतात.

तांदूळ नवा आणला. या खेपेला खरोखरचा. कांदा तुपावर परतला, त्यावर तांदूळ परतले, भाज्यांचं गरम पाणी थोडं थोडं घालत ढवळत राहिले. मुलीनं चीज किसून घातलं आणि काळीमिरी जाडसर कुटून घातली. सारणाला मटार, चीजचे तुकडे आणि हिरव्या लसणाची पात, ती मात्र माझ्या मनानं. थंडीत सुरतेत हिरवा लसूण असताना तो न घालणं म्हणजे करंटेपणा. भात गार झाला, हाताला पाणी लावलं आणि आम्ही मायलेकी गोळे वळायला लागलो. गोळा तळव्यावर घ्यायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, सारण भरायचं, तोंड मिटायचं. अगदी मोदकासारखं, फक्त कळ्या नाहीत. परातीत ओळीनं मांडत गेलो. फार दिवसांनी स्वयंपाकघरात बडबड चालली होती. मुलगी ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करत होती आणि मी हसत होते.

सासूबाई दुपारची झोप काढून चहाला आल्या आणि दारातच थबकल्या. एक हात चौकटीवर. त्यांच्या चेहऱ्यातलं रक्त उतरताना मी पाहिलं.

घाबरले की माझ्या तोंडी अजून अहिराणीच येते. "काय व्हयनं, आई?"

त्या परातीकडे बघत होत्या. मग मीही परातीकडे बघितलं, त्यांच्या जागेवरून बघावं तसं. भाताचे पांढरे गोळे ओळीनं मांडलेले, आणि प्रत्येकात काळे ठिपके. मिरीचे. पण दिसत होते ते तीळ.

दहाव्याला सासूबाई हट्टानं तापीच्या घाटावर आल्या होत्या. बायका कशाला, असं सगळे म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. पायरीवर बसून, दीर पिंड मांडत होते ते त्या एकटक बघत होत्या. मी शेजारी होते. आणि आज मीच, त्याची बायको, हसत खिदळत घरात बसून हे मांडलं होतं. मी झटकन ताट घेऊन परातीवर पालथं घालायला गेले.

"झाकू नकोस," त्या म्हणाल्या.

मुलीला काही कळेना. हातात अर्धा वळलेला गोळा घेऊन ती नुसती उभी. सासूबाई आत आल्या, स्टुलावर बसल्या, परात जवळ ओढली.

"तीळ घातलेस?"

"मिरी आहे, आई."

"पोटात काय आहे?"

"मटार, चीज. लसणाची पात."

त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मुलीनं हातातला गोळा त्यांच्यापुढे धरून उघडून दाखवला. आतलं हिरवं सारण त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पिंडाच्या पोटात काही नसतं," त्या म्हणाल्या. "नुसता भात. मिठाचा कणसुद्धा नाही. मी तिथे बसून तेच बघत होते. अगो, त्याला अळणी भात कधी गेला का? पानात मीठ वाढायला उशीर झाला तर घर डोक्यावर घ्यायचा. आणि शेवटचं दिलं काय आपण, तर गार, अळणी गोळा. वरण नाही, तूप नाही. मग मी कशी खाऊ गो भात? घास तोंडाशी नेला की तेच आठवतं."

एवढं एका दमात त्या वर्षभरात बोलल्या नव्हत्या. साखरबिखर काही नव्हतं. मी ओट्याला टेकून रडले. अगदी पोरासारखी हुंदके देऊन रडले, आणि मला लाज वाटली नाही. मी एवढे दिवस समजत होते की त्याच्या जाण्याचं दुःख माझं एकटीचं. त्यांच्या घशात ते शब्दशः अडकून बसलं होतं आणि रोज समोरासमोर जेवून मला ते दिसलं नाही.

"मीठ घातलंयस ना यात?" त्यांनी विचारलं.

"घातलंय."

"मग तळ. बघत काय बसलीस? चुरा सादळेल."

तळले. बाहेरून खरंच संत्र्याच्या रंगाचे झाले. पहिला गोळा त्यांनी वाटीत घेतला आणि मुलीला म्हणाल्या, "बाबाच्या फोटोपुढे ठेव. गरम आहे तोवर." मग दुसरा घेतला, फोडला, चीजची तार निघाली ती बोटाला गुंडाळली आणि खाल्ला. सावकाश, डोळे मिटून.

"मीठ बेताचं आहे," त्या म्हणाल्या. बरं की वाईट ते सांगितलं नाही. पण आणखी एक घेतला.

रविवारी दीर सकाळीच आले. दाराशी पिशवी होतीच. आदल्या दिवशी जे झालं त्याचा ठाण्याशी काही संबंध आहे की नाही, हे मला विचारायचं धाडस झालं नाही. मी आपला मांडणीवरचा पालथा डबा सुलटा केला, उरलेला तांदूळ धुतला आणि वरणाबरोबर भात लावला. विचारून नाही, गुपचूप. कालच्यासारखं ढवळत न बसता सगळं नेहमीसारखंच केलं, त्यामुळे झाला तोही नेहमीसारखाच.

पोळ्या झाल्यावर मी भाताचं भांडं घेऊन फिरले. दिरांना वाढला, मुलीला वाढला. सासूबाईंच्या पानाशी आले आणि हात थांबला. त्यांनी हात आडवा धरला नाही. मी मूद घातली, वर वरण, वर तूप. त्यांनी आधी मिठाचा कण घेतला, भात कालवला, आणि पहिला घास खाल्ला. मग बोटांनी भात चाचपून बघितला, मोकळा होतो का ते.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

वर्षभर कुणी न उच्चारलेलं वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "नवा तांदूळ आहे, आई." आणि त्याची री ओढायला आता कुणी नाही हे मग लक्षात आलं.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "तांदूळच नवा आहे गं आजी, ती तरी काय करणार?"

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज जुनाच होता, खणखणीत. "लग्न होऊन आली तेव्हापासून हिचा तांदूळ नवाच आहे!" मग दिरांकडे वळून म्हणाल्या, "जेवून तू नीघ बाबा. मी काही येत नाही. हिला अजून भात येत नाही."