खालून कापलेली बातमी

बातमी माझीच होती. एका महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक बिवळ्याच्या लाकडातली आणि जांभळाच्या बियांतली तुरट द्रव्यं वेगळी काढत होते. त्यांना फिनॉलिक संयुगं म्हणतात. ती दिल्यावर मधुमेह झालेल्या सशांची साखर उतरली, असं त्यांनी सांगितलं. मी निघताना ते म्हणाले, "माणसावर अजून काहीच पाहिलेलं नाही. कुणी इंजेक्शन सोडू नये, एवढं लिहा." मी लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात.

जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हा आमच्या दैनिकाचा रिवाज. मला तो पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. त्या संध्याकाळी सिनेमाची एक जाहिरात उशिरा आली. कंपोझिटरने खालच्या चार ओळी उचलल्या.

वडील गुळाच्या बाजारात अडत दुकानात होते. रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग पाहून, कपचा जिभेवर ठेवून प्रत सांगायचे. त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता. आई रोज काचेची सिरिंज उकळायची. बातमी आली त्याच आठवड्यात त्यांनी गडहिंग्लजच्या बाजारातून बिवळ्याचा लाकडी पेला आणला. त्यात रात्रभर ठेवलेलं तांबूस पाणी ते सकाळी प्यायचे. सिरिंज कपाटात गेली.

मी बातमीचा मूळ कागद घरी आणून शेवटचा परिच्छेद दाखवला.

"हे छापलंय का?"

"नाही, आण्णा. जागा नव्हती."

"कामाचं असतं तर जागा केली असती की."

"ते सगळं सशांवर केलंय."

"सशाला गुण येतोय आन् मला न्हाय व्हय? सशापरास गेलो काय मी?"

संपादकांकडे खुलासा छापायची मागणी केली. त्यांनी अंक पुढे ओढला. "यातला एक तरी शब्द चुकीचा आहे?"

नव्हता.

"मग दुरुस्ती कशाची करू?"

घरी लघवी तपासायची सोय होती. निळं द्रावण, परीक्षानळी, स्टोव्ह. साखर नसेल तर रंग निळाच राहतो, थोडी असेल तर हिरवा-पिवळा, फार असेल तर विटकरी होतो. मी रोज तपासत होतो. रोज विटकरी. वडील नळी खिडकीशी धरायचे. "कालच्यापरास पिवळी हाय की." रंगाच्या बाबतीत बाजारात त्यांचा शब्द शेवटचा असे. आई माझ्याकडे बघायची. मी नळी धुऊन ठेवायचो.

नव्या चपलेने वडिलांच्या डाव्या पायाचा अंगठा सोलला. जखम भरली नाही. महिन्याभरात अंगठा काळा पडला आणि काळेपणा वर सरकला.

दवाखान्यात सर्जन म्हणाले, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. मग विचारलं, "इंजेक्शन कुणी बंद केलं?"

वडिलांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. "पोरगं पेपरात हाय माजं," ते म्हणाले.

सर्जनांनी कात्रण दोनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. बातमी पूर्णविरामाने नीट संपत होती. काही राहून गेलंय असं वाचताना कुठेच वाटत नव्हतं.