पॉपवरचा चंद्र

पॉप म्हणजे काय, हे मले अजूनही सांगता येत नाही. धर्मेंद्रले विचारलं तर तो टेबलावर बोटं वाजवून दाखवे. शाइस्ताले विचारलं तर म्हणे, "ललिताताई, ते ऐकाचं असते, समजाचं नसते." घ्या! ज्याचा अंक काढाचा, ते समजाचंच नाही म्हणे.

माझं अकोल्यात टायपिंग अन् डिझाइनचं दुकान. शाइस्ता बारावी झाल्यापासून माझ्याकडं कॉम्प्युटरवर. लग्नपत्रिका ही पोट्टी अशी करे, का नवरदेवापेक्षा पत्रिकाच देखणी दिसे. पण ते २००७ चं साल. कापसानं हात दाखवलेले, खेड्यातली लग्नं एक तर पुढं ढकललेली, नाही तर चार माणसांत उरकलेली. पत्रिका छापते कोण? धर्मेंद्रचीही तीच गत. अकोटचा पोरगा, ऑर्केस्ट्रात गाणारा. लग्नंच नाहीत तर गाणं कोठचं? तवा त्याच्या डोक्यात आलं, कॉलेजच्या पोरापोरींसाठी पॉप गाण्यांचा रंगीत विशेषांक काढू. त्या साली ईद आधी अन् दिवाळी मागून, तर दोन्ही सणांचा मिळून एकच. जाहिराती भेटल्या त्या साऱ्या बियाण्यांच्या अन् फवारणीच्या. गिटारवाल्या पोराच्या बाजूले बोंडअळी! "ताई, ही अळी कुठं बसवू?" शाइस्ता मले विचारे. मले काय मालूम बाई, बसव तुले वाटते तिथं.

पण शाइस्तासाठी हा गमतीचा मामला नव्हता. अमरावतीच्या एका पेपरले तरुणांच्या पुरवणीसाठी मांडणी करणारं माणूस पाहिजे होतं. संपादकांनी फोनवर तिले सांगतलं, "पत्रिका नका आणू. तुम्ही केलेला एक छापील अंक आणा, मग बोलू." तिचे वडील अब्दुल रहीमभाई, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. अमरावतीत तिची मावशी राहे, तरी त्यांले हे पसंतच नाही. "खालाच्या घरी राहून नौकरी? दिमाग खराब झाला का?" अंक चांगला निघाला तर घरात विषय काढता येईल, नाही तर ईद झाल्यावर गप घरी बसाचं. एवढं साधं होतं ते.

मुखपृष्ठावर सणाचं काय दाखवावं, यावर दोघं मरेस्तोवर भांडले. तिनं पणती काढली, मग चांदतारा काढला, धर्मेंद्र म्हणे हे तर माझ्या आजाले आवडन. शेवटी एक माईक, त्याच्याभोवती लाइटिंग, अन् वर ठसठशीत अक्षरात 'कॉलेज पॉप विशेषांक'. फाइल गेली अमरावतीच्या छापखान्यात, छपाई पाहाले धर्मेंद्रही तिथंच. आमच्या धंद्यात एक पथ्य असते. फाइल बाहेर पाठवताना अक्षरांचं चित्र करून पाठवाचं, त्याले आमी कर्व्ह करणं म्हणतो. नाही केलं अन् तिथं आपला फॉन्ट नसला, तर काना-मात्रा कुठंही पळतात. शाइस्तानं आतली सारी पानं कर्व्ह केली. मुखपृष्ठ राहिलं.

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी मी शाइस्ताच्या घरीच इफ्तारले होती. सारी गल्ली गच्च्यांवर चढून चाँद शोधून राहिली, अन् आभाळात ढग. दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा. तेवढ्यात फोन वाजला. शाइस्ता वरती होती, म्हणून तिच्या आईनं, हाजराबीनं उचलला. पलीकडून धर्मेंद्र अमरावतीवरून बोंबलून राहिला होता, "चाची, चंद्र दिसून नाही राहिला! कुठंच नाही! शाइस्ताले सांगा लवकर!"

हाजराबीनं फोन ठेवला अन् खिडकीतून गल्लीले सांगून टाकलं, "अमरावती में चाँद नहीं दिखा!"

झालं! कोणी चुलीवरचा शेवयांचा गंज उतरवला, कोणी दूधवाल्या खुशालरावांले वापस पाठवलं, शिंप्यानं मशीन बंद केली. अन् थोड्याच वेळानं मशिदीतून एलान, चाँद दिसला, उद्या ईद. अर्धी गल्ली मुबारक म्हणून राहिली, अर्धी वाद घालून राहिली. माझं तर डोकंच चालेना. चंद्र काय दोन गावांत वेगवेगळा निघते?

फोन पुन्हा वाजला. आता शाइस्तानं घेतला. धर्मेंद्रचा आवाज मले इथवर ऐकू आला, "पॉपवरचा चंद्र, बाई! अर्धा चंद्र असते ना 'पॉ'च्या डोक्यावर, तो उडाला! साऱ्या मुखपृष्ठांवर 'पाप विशेषांक' छापून आलं! कॉलेजचं कालेज झालं, ते जाऊ दे, आपण तसंच म्हणतो. पण पाप?"

शाइस्तानं फोन ठेवला. "माझंच चुकलं," म्हणे, "मुखपृष्ठ कर्व्ह कराचं राहिलं." पुन्हा छापाले धर्मेंद्रजवळ ना कागद, ना ऐपत. मले असा राग आला! कोणाचा आला तेही समजेना, छापखान्याचा, त्या पोट्ट्याचा, का चंद्राचा.

तोवर कोणता चंद्र दिसला नव्हता, ही गोठ गल्लीभर झाली. खुशालराव दारात उभे. "रहीमभाई, तुमच्या पोरीच्या पुस्तकापायी माझं दूध वापस गेलं ना!" मागून एक बाई बोलली, "पोरगी कॉम्प्युटरवर बसवली, तिनं ईदच लांबवली." अब्दुल रहीमभाई उठले. मले वाटलं, आता पोरीवर घसरतात.

"चूक झाली तिची," ते म्हणाले. "माझ्या किती पाट्या चुकल्या आजवर! तवा मले कोणी घरी बसवलं काय?"

खुशालरावांनी दूध मापून दिलं.

ईद झाल्यावर शाइस्ता, अब्दुल रहीमभाई अन् मी, आमी तिघं एसटीनं अमरावतीले संपादकांले भेटाले गेलो. धर्मेंद्रच्या दोस्तांनी काळ्या स्केचपेननं प्रतींवर चंद्र काढले होते. तशी एक प्रत त्यानं शाइस्ताले देऊ केली, तर पोट्टीनं ती घेतलीच नाही, चुकलेलीच घेतली. काहून, ते मले तवा समजलं नाही अन् विचाराचीही हिंमत झाली नाही.

संपादकांनी मुखपृष्ठ पाह्यलं, चष्मा कपाळावर ढकलला अन् साऱ्या ऑफिसादेखत मोठ्यानं विचारलं, "हे पाप कोणाचं?"

माय माय! बापासमोर तरण्या पोरीले असं विचारतात? मी तर उठलीच होती.

"माझं, सर," शाइस्ता म्हणाली. "कर्व्ह कराचं राहिलं."

संपादक एकेक पान उलटत गेले. शेवटी अंक मिटून म्हणाले, "काम चांगलं आहे. सोमवारपासून या. पण घरचे पाठवतील ना?"

शाइस्तानं वडिलांकडं पाह्यलं. अब्दुल रहीमभाईंनी अंक उचलला, पहिलं पान उघडलं अन् खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. 'मांडणी : शाइस्ता अब्दुल रहीम.'

"माझं बी नाव आहे याच्यात, साहेब," ते म्हणाले. "पाप आमचं दोघांचं. सोमवारी मीच आणून सोडतो."