हसणारी बाई चालत नाही

लग्नाचे फोटो सोडून मी डॉक्युमेंटरी फोटोग्राफर झालो, तेव्हा आमच्या कारंजा गावातले लोक विचारत, "म्हणजे धंदा बुडाला काय?" बुडाला नव्हता, फक्त गिऱ्हाईक बदललं होतं. लग्नात सगळ्यांना हसवायचं असे, इथे सगळ्यांना रडवायचं.

एकदा मुंबईच्या एका संस्थेच्या साहेबांबरोबर आमच्याच वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडजवळच्या भाजीच्या मळ्यात गेलो. त्यांना अहवालाच्या मुखपृष्ठासाठी 'ग्रामीण स्त्रीची वेदना' हवी होती. मळ्याची मालकीण मात्र फोटो निघणार म्हणून नवी जांभळी साडी नेसून, गजरा माळून वांग्यांत उभी होती. साहेबांचा चेहरा पडला.

"ताई, जुनी साडी नाही का? आणि जरा उदास बघा."

"काहून?" बाई म्हणाली. "यंदा वांगे लय मस्त आले. उदास कायले दिसू?"

"लोकांना वास्तव दाखवायचंय."

"मंग तुमीच उभे राहा इथं. तुमचं तोंड उतरेलच हाये."

वांगी तोडणाऱ्या बाया खो खो हसल्या, तीही हसली आणि मी बटण दाबलं. इतक्या वर्षांत त्याहून खरा फोटो माझ्या हातून निघालेला नाही.

संस्थेनं तो अर्थातच नाकारला. मुखपृष्ठावर कुठल्या तरी परराज्यातली सुरकुतलेली म्हातारी आली आणि तिच्याखाली छापलं, 'वाशीम जिल्हा'.

मी हसऱ्या फोटोची मोठी प्रत काढून बाईला नेऊन दिली. तिनं ती बराच वेळ निरखली.

"साहेबायलेही एक द्या," ती म्हणाली. "हसाले शिकतीन."