एकच बाजू

सत्तरच्या दशकात मी भंडाऱ्याच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होतो. गावोगावी समन्स पोहोचवायचे, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि कागदाच्या मागे लिहायचं, 'मजकूर समजावून सांगितला.' हे वाक्य मी पुष्कळदा बसमध्येच लिहून टाकत असे, माणूस भेटायच्या आधी.

रोवणीच्या दिवसांत आसगावच्या एका बाईचा समन्स माझ्याकडे आला. तिचा नवरा वारला होता आणि त्याच्या वाट्याच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, दिराने दावा लावला होता. ती बांधीतच भेटली. चिखलाचे हात पदराला पुसून तिने कागद घेतला.

"यात का लिवलं हाय जी?"

"तारखेले भंडाऱ्याले हजर व्हा लागते. नाही आल्या त दावा एकतर्फी चालन."

"एकतर्फी म्हंजे?"

"एकच बाजू आयकतीन."

ती म्हणाली, "कागद त मलेच आला."

शब्द कानावर पडले, पण त्यांचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. मला पवनीहून परतीची बस गाठायची होती. अंगठा घेतला आणि सायकलवर टांग टाकली.

उन्हाळ्यात त्याच बांधीचा ताबा दिराला द्यायचं वॉरंट घेऊन मीच गेलो.

"तारखेले काहून नाही आल्या, बाई?"

"कायले येऊ? कोर्ट एकच बाजू आयकते म्हणे. कागद मले आला, म्हंजे माहीच बाजू न? तुमीच त सांगून गेलते."

आवाजात तक्रार नव्हती. मी काहीतरी निस्तरायला आलोय, असंच तिला वाटत होतं.

ताबा दिला. निघताना तिला सांगितलं, वकील पाहा, हुकूम रद्द करायचा अर्ज करा. तिने तो केला आणि साक्षीला मला बोलावलं. दिराच्या वकिलाने समन्सची मागची बाजू माझ्यापुढे धरली.

"अक्षर तुमचंच? मजकूर समजावून सांगितला होता?"

नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. घरी दोन लहान मुलं होती.

"होय," मी म्हणालो.

मागच्या बाकावर बसलेल्या तिने समाधानाने मान हलवली. मी तिच्याच बाजूने बोललो, असं तिला वाटलं. अर्ज नामंजूर झाला.

पुढे ती हलणारी मान मला कुठेही दिसायची. जेवताना, दाढी करताना, अनोळखी गावात कुणाच्या दारात उभा असताना. बायकोला एकदा सांगायला घेतलं, पण अर्ध्यावरच थांबलो.

ऐंशीनंतर केव्हातरी पवनीच्या बसस्टँडवर ती भेटली. दुसऱ्यांच्या बांध्यांवर मजुरीला जात होती. तिने मला ओळखलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"बसा न जी, साहेब. घरचे बरे हायत न?"

मी बसलो. बस येईपर्यंत आम्ही त्या सालच्या धानाबद्दल बोललो. खरं सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी सांगितलं नाही.