अंगावरचे टाके

“कापू नका मावशी, उसवा. चांगला पट्टा आहे.”

हे ती म्हणाली तेव्हा तिची डावी छाती जांभळी पडून टरारून फुगली होती आणि तिचीच कापड कापायची मोठी कात्री माझ्या हातात होती. चार दिवसांपूर्वी तिथली सिलिकॉनची पिशवी ऑपरेशन करून काढली होती, म्हणजे ती जागा सपाट हवी होती. जखमेतल्या नळीला लावलेली बाटली सकाळपासून कोरडी होती. बाहेर यायचं रक्त आतच साठत होतं, कारण छातीचा पट्टा कोणीतरी आवळून पुढून बारीक टाक्यांनी शिवून टाकला होता. कोणीतरी म्हणजे तिनेच.

मी उसवत बसले नाही. कापला.

“गेलं कापड,” ती म्हणाली.

ती सिडकोतली टेलर. पुढच्या खोलीत मशीन, पडद्यामागे घर, नवरा सिन्नरला कंपनीत. मी चौथी शिकलेली बाई. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बायकांचं करायला दवाखान्याची माणसं मला पाठवायची. तीस वर्षं तेच केलं.

मी घरात शिरले तेव्हा ती चार उशा पाठीशी घेऊन बसली होती. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, तुमचा डावा खांदा उतरलाय. जन्मभर त्याच हाताने बादल्या उचलल्या का?” खरं होतं. तुम्हीही असे शिंपी पाहिले असतील, माणूस दिसायच्या आधी त्यांना माप दिसतं.

सहा वर्षांपूर्वी कॅन्सरने तिचा स्तन गेला. तेव्हा आत पिशवी बसवली. “एवढ्या बायकांच्या ब्लाउजला कप लावले,” ती म्हणायची, “म्हणून देवाने मला आतूनच लावून दिला.” पुढे रेडिएशनचे शेक दिल्यामुळे ती पिशवी आवळत गेली, दगडासारखी झाली. हात वर जाईना, झोप येईना. शेवटी काढायचं ठरलं.

पिशवी काढल्यावर काय होतं ते मला तोंडपाठ आहे. आधी बाटलीत लाल पाणी येतं, मग फिकं, मग पिवळट. ते रोज मोजायचं. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कणीक मळायची नाही, उताणं अर्धं बसून झोपायचं. कातडी सैल पडते, आत खळगा दिसतो, हात लावला तरी कळत नाही. आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई आरसा मागते. तेव्हा जवळ थांबायचं.

ही आरसा मागणार कशाला? ट्रायलचा मोठा आरसा पलंगासमोरच होता. चौथ्या दिवशी सकाळी अंग पुसताना तिने नीट पाहून घेतलं. बऱ्याच बायका तिथे रडतात. ती रडली नाही.

“फिटिंग गेलं,” म्हणाली.

“भरून येईल थोडं.”

“मावशी, मी गिऱ्हाइकाला असंच सांगते. धुतल्यावर बसेल म्हणून.”

मी पट्टा बांधला आणि दूध आणायला खाली गेले. चूक झाली ती तिथेच.

त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट सांगते. शेजारीण धावत आली होती, लग्नाला निघालेली, ब्लाउजचा हूक तुटलेला. “वहिनी, दोन टाके घाल ना असेच, रिक्षा खाली उभी आहे.” ही पलंगावरून ओरडली, “अंगावर टाका घालायचा नाही! अपशकुन असतो. काढ आधी.” तिला आडोशाला पाठवून ब्लाउज काढायला लावला. मग एका हाताने धरून हूक लावून दिला. रिक्षा निघून गेली. शेजारीण बडबडत गेली.

आणि त्याच बाईने मी दूध आणेपर्यंत पट्टा अंगावरच ओढून, सुरकुती राहू नये म्हणून, टाके घालून घेतले. नळी आत चेपली. मी आले तेव्हा वर गाऊन होता. पट्टा गुळगुळीत दिसत होता. मी म्हणाले, “आज छान बसलाय.” ती लाजली. नव्या नवरीसारखी लाजली. दुपारी बाटली कोरडी पाहून मला बरंच वाटलं. तीस वर्षं केलेल्या बाईला कळायला हवं होतं की पाणी असं एकदम थांबत नसतं.

पट्टा कापून तिला दवाखान्यात नेताना रिक्षात ती घामाने भिजली होती. सिंहस्थासाठी रस्ते उकरलेले, मुंबई नाक्याला आम्ही अडकलो. तिने माझं मनगट धरलं.

“यांना सांगू नका मी शिवला ते. सुईला हात लावू नको म्हणाले होते.”

“आधी गप्प बस.”

“शपथ घ्या.”

मी शपथ वगैरे घेतली नाही. पण नवरा सिन्नरहून येऊन उभा राहिला आणि डॉक्टरांनी विचारलं, “पट्टा एवढा कोणी आवळला?” तेव्हा मी म्हणाले, “मी.” मोठेपणा नव्हता. सकाळी त्या पट्ट्याला छान मीच म्हणाले होते.

ती स्ट्रेचरवर होती. ऐकलं तिने.

नवरा म्हणाला, “तुम्ही परत घरात पाऊल ठेवायचं नाही.” दवाखान्याने काम देणं बंद केलं.

दुसरं ऑपरेशन झालं. शेकाने जळलेली कातडी पुन्हा जुळेना. नवरा कामावर गेला की ती फोन करायची.

“कशी आहे जखम?”

“उघडीच. डॉक्टर टाके घालतात, पण टाका धरतच नाही. मावशी, कापडच विरलंय.”

एकदा म्हणाली, “आज यांना सांगून टाकते.”

“नको. बरी हो, मग सांग.”

मला तेव्हाच माहीत होतं, बरी होणार नाही. पाचव्या महिन्यात ताप चढला, जखमेचं विष रक्तात गेलं. पुढे फोन आला नाही.

अमरधामला मी मागे उभी राहिले. नवऱ्याने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याला वाटतं, मी मारली. खरं सांगितलं तर तो तिच्यावर चिडेल, आणि चिडायला ती नाही. म्हणून मी गप्प आहे.

ती एकावन्न वर्षांची होऊन गेली. मागे जगलो ते आम्ही दोघं, तिचा नवरा आणि मी.