टँकर आला की शाळा

उशिरा आली म्हणून मी एका मुलीला शाळेच्या फाटकातूनच परत पाठवलं होतं. मीरा तिचं नाव. त्या दिवसापासून ती शाळेत येईनाशी झाली. आज माठाभोवतीच्या ओल्या गोणपाटाचा वास आला आणि लातूरचा प्रशिक्षणवर्ग आठवला.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, दुष्काळ मात्र ओळखीचा. मुख्याध्यापक व्हायला निघालेले आम्ही शिक्षक एका पत्र्याच्या खोलीत घामाघूम बसायचो. दाराशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला रांजण असायचा. त्या दुपारी सरावासाठी मी मुख्याध्यापक झालो आणि आमच्यातल्याच देवणीच्या सुमनबाई पालक झाल्या.

"पोरगी रोज उशिरा येते. वेळेवर पाठवत जा," मी दरडावलं.

बाईंनी पदर खोचला. "हाव सर. टँकरवाल्यालाच सांगते, शाळा सुटल्यावर येत जा बाबा म्हणून!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो.

"हसून काय राहिले? ठेवते पोरीला घरीच!"

हशा आणखी वाढला, पण माझ्या डोळ्यांपुढे मीरा उभी राहिली. तेव्हा तो हशा मला फार झोंबला. आता वाटतं, इतक्या आनंदात मला पुढे कुणीच काही शिकवलं नाही.

रविवारी माझ्या शाळेच्या गावी, जळकोटला परतलो तो थेट मीराच्या घरी गेलो. ती अंगणात राखेनं घागर घासत होती. तिच्या आईनं लगबगीनं बाज टाकली, पण मी उभाच राहिलो.

"मीरा, चुकलं माझं," मी म्हणालो. "पाणी भरून ये. कितीही वाजू देत, फाटक मी स्वतः उघडीन."